छऱ्याची बंदूक आणि आपले परसदार

(मंडळाच्या श्रावणातील मासिक सभेत केलेले भाषण)



भाषण करणे हा माझा प्रांत नव्हे. हळदीकुंकवाला नाव घेण्याची वेळ आली तरी मी मागच्या रांगेत सरकणारी बाई आहे, हे आपण सर्वजणी जाणता. परंतु मागच्या महिन्याच्या सभेत एक सूचना पुढे आली आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठून मी चिटणीसबाईंकडे गेले आणि म्हटले, "मला पंधरा मिनिटे द्या. एकदाच बोलते, पुन्हा त्रास देणार नाही." त्यांनी ती दिली, म्हणून आज येथे उभी आहे.

ती सूचना अशी होती. आपल्या वाडीतील पुष्कळ घरांतील पुरुषमंडळी नोकरीनिमित्त मुंबईस किंवा पुण्यास असतात. घरी बायका, मुले आणि म्हातारी माणसे. पावसाळा लागला की परसात, न्हाणीत, गुरांच्या गोठ्यात जनावर दिसते. रात्री त्याचे खरे नाव घ्यायचे नाही अशी आपल्याकडे रीत आहे. पण आता दिवस आहे, म्हणून साप म्हणते. तर मंडळाच्या शिलकीतून एक छऱ्याची बंदूक विकत घ्यावी, ती मंडळाच्या खोलीत ठेवावी, आणि ज्या घरी विषारी साप निघेल त्या घरी ती न्यावी, असे सुचविले गेले. सूचना करणाऱ्या भगिनीचा हेतू चांगला होता. तिच्या घरी दोन लहान मुले आहेत आणि जूनमध्ये तिच्या पडवीत घोणस निघाली होती. तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटले असते. किंबहुना, मी हेच केले होते. तेच सांगायला मी उभी राहिले आहे.

आमच्या घरी छऱ्याची बंदूक १९८१ साली आली. आमचे हे आणि माझे थोरले दीर, दोघेही मुंबईस गोदीत नोकरीला. घरी सासूबाई, माझ्या थोरल्या जाऊबाई, मी आणि पोरेबाळे. नारळ आणि आंबे माकडे खाऊन जात, त्यांना भिववायला म्हणून ह्यांनी ती बंदूक मे महिन्यात येताना आणली. आठ दिवस मला शिकवले. गडग्यावर करवंट्या मांडायच्या आणि पडवीतून नेम धरायचा. नळी मधोमध मोडून खाली दाबली की आतील स्प्रिंग आवळली जाते. मग शिशाचा छर्रा बसवून नळी सरळ करायची आणि चाप ओढायचा. स्प्रिंग सुटते, हवा दाबली जाते आणि त्या हवेच्या जोरावर छर्रा सुटतो. बार नाही, धूर नाही, नुसता 'फट्' असा आवाज. चौथ्या दिवशी माझी करवंटी फुटली. सासूबाई म्हणाल्या, "सून बंदूकवाली निघाली!" खोटे कशाला सांगू, मला त्याचा अभिमान वाटला.

त्याच पावसाळ्यात मी पहिला साप मारला. शेजारपाजारची माणसे बघायला आली. मी ह्यांना अंतर्देशीय पत्रात सगळे वर्णन लिहिले आणि ह्यांचे उत्तर आले, "शाबास." त्यानंतर कोणाच्याही घरी साप निघाला की मला बोलावणे येऊ लागले. मी पदर खोचून, बंदूक घेऊन निघत असे. ज्या बाईला एरव्ही सभेत बोलता येत नाही, तिला सारी वाडी वाट करून देते, ही गोष्ट लहान नाही, भगिनींनो.

पहिला इशारा मला १९८८ साली मिळाला होता. न्हाणीजवळच्या काळ्या दगडावर एक लहान साप होता. मी छर्रा सोडला. साप निसटला, छर्रा दगडावर आपटला आणि उलटा येऊन दाराच्या चौकटीत घुसला. चौकटीखाली माझा चार वर्षांचा मुलगा उंबऱ्यावर बसला होता. त्याच्या डोक्याच्या आणि त्या छऱ्याच्या मध्ये एका हाताचे अंतर होते. चौकटीतील ते भोक अजून आहे. कोणाला बघायचे असेल तर खुशाल या. छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा असतो, पण तो डोळ्यात गेला तर डोळा जातो. शिसे दगडावरून, फरशीवरून आणि कठीण लाकडावरूनही उलटते, आणि साप तर नेहमी दगडापाशी किंवा भिंतीच्या कडेलाच असतो! एवढे होऊनही मी त्या दिवशी धडा घेतला नाही. मुलाला दोन धपाटे घातले आणि सांगितले, "बंदूक हातात असली की दारात बसायचे नाही." दोष जणू त्याचाच होता.

आता १९९४ सालच्या आषाढातील गोष्ट सांगते. ती मी आजवर चारचौघांत सांगितलेली नाही. ज्यांची ती गोष्ट आहे त्या माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना आम्ही वयनी म्हणतो, त्या आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना विचारूनच सांगते आहे. परवानगी देताना त्या म्हणाल्या, "सांग. पण माका बिचारी करून सांगू नको." म्हणून जसे घडले तसेच सांगते.

तिन्हीसांजेची वेळ होती. पाऊस नुकताच थांबला होता. न्हाणीमागे नाग दिसला, फणा काढलेला. मी पडवीतून नेम धरला. छर्रा लागला, हे नक्की. नागाने गिरकी घेतली, अंग आपटले आणि तो मागच्या पडवीतील लाकडांच्या राशीत शिरला. मी थोडा वेळ थांबले. राशीतून काही हालचाल दिसेना. काळोख पडत होता. वयनी आतून आल्या आणि त्यांनी विचारले, "मेलो मां तो?"

मी म्हटले, "होय, मेलो."

मी त्याला मेलेला पाहिला नव्हता. "मेला असेल" असे म्हणायला हवे होते. "ठाऊक नाही" असे म्हणायला हवे होते. पण बंदूकवाल्या बाईच्या तोंडी 'ठाऊक नाही' हे शब्द आले नाहीत.

पहाटे वयनी चुलीसाठी लाकडे काढायला गेल्या. मी सांगितले होते ना, मेला म्हणून! दुसरे लाकूड ओढताना उजव्या हाताच्या तर्जनीला दंश झाला.

पुढचा तासभर आम्ही घालवला. सासूबाईंनी मांत्रिकाकडे माणूस पाठवला. कोणी मनगटावर दोरी आवळली, कोणी कडुलिंबाचा पाला चघळायला दिला. हाताला सूज चढत होती आणि हिरव्या बांगड्या मांसात रुतत होत्या. पण सौभाग्यवतीच्या हातातील बांगड्या उतरवायच्या नाहीत म्हणून त्या तशाच ठेवल्या. शेवटी शेजारचे शाळामास्तर धावत आले. ते कोणाचे काही ऐकेनात. मासळीचा टेम्पो रस्त्यावर उभा होता, त्यात वयनींना निजवले आणि अठरा किलोमीटरवरच्या तालुक्याच्या दवाखान्यात नेले. वाटेतच त्यांच्या पापण्या मिटू लागल्या. "डोळे उघडा" म्हटले तर त्यांना उघडता येईनात. बोलणे जड झाले, तोंडातून लाळ गळू लागली, मान टाकली. हे नागाच्या विषाचे लक्षण, हे मला नंतर कळले. त्या विषाने नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप तुटतो. आधी पापण्या, मग घसा, आणि शेवटी श्वासाचे स्नायू.

दवाखान्यात परिचारिकेने पहिल्यांदा कात्रीने बांगड्या तोडल्या. डॉक्टरांनी लशीच्या, म्हणजे प्रतिविषाच्या, दहा कुप्या शिरेतून दिल्या. तरीही श्वास मंद होत गेला. मग घशात नळी घालून रबरी पिशवी दाबून श्वास द्यायला सुरुवात झाली. ती पिशवी हाताने दाबायची. एकदा दाबायची, सोडायची; पुन्हा दाबायची, सोडायची. दवाखान्यात माणसे थोडी. डॉक्टरांनी मला कसे दाबायचे ते दाखवले आणि शाळामास्तर व मी आळीपाळीने दुपारपर्यंत ती पिशवी दाबत होतो. ज्या हाताने मी आदल्या संध्याकाळी चाप ओढला, तो हात त्या दिवशी वयनींचा श्वास चालवत होता. मनात एकच येत होते: हात थांबला तर ही बाई जाईल आणि कारण मी असेन.

संध्याकाळी वयनींनी आपला आपण श्वास घेतला. जीव वाचला. बोट मात्र काळे पडले आणि त्याची दोन पेरे काढावी लागली. घरी आल्यावर शेजाऱ्यांनी लाकडांची रास उपसली. नाग जिवंत होता. फण्याखाली वीतभर अंतरावर छऱ्याचे बारीक भोक होते. तेवढ्याने तो मेला नव्हता. जखमी होऊन दबून बसला होता.

वयनींनी मला या तीस वर्षांत एका शब्दानेही बोल लावलेला नाही. तो त्यांचा मोठेपणा. माझे मन मात्र मला रोज विचारते, "मेलो मां तो?"

भगिनींनो, ही झाली माझी कथा. आता तिच्यातून काय निघते ते सांगते, म्हणजे मी केवळ मन मोकळे करायला आले असे आपणास वाटणार नाही.

पहिली गोष्ट, छऱ्याच्या बंदुकीने साप हमखास मरत नाही. छर्रा साडेचार मिलिमीटर जाडीचा. तो मेंदूत किंवा मणक्यात बसला तरच साप जागच्या जागी पडतो, आणि सापाचे डोके आपल्या अंगठ्याएवढे, तेही हलणारे. बाकी कोठेही लागला तर साप पळतो आणि जेथे आपला हात जाणार अशाच जागी दडतो. शिवाय साप मेला तरी त्याचे डोके काही वेळ आपोआप चावा घेऊ शकते. तुटलेल्या डोक्याच्या चाव्यानेही विषबाधा होते. म्हणून मेलेल्या सापालाही हात लावू नये.

दुसरी गोष्ट, बंदूक घेतली की आपण सापाच्या जवळ जातो. एरव्ही साप दिसला तर माणूस चार पावले मागे सरते. साप आपल्या लांबीच्या साधारण निम्म्यापर्यंतच झेप घेतो. दोन-तीन वाव लांब राहिलेल्या माणसाला तो काही करू शकत नाही. नेम धरणारा मात्र पुढे सरकतो, आणि सगळे घर त्याच्यामागे बघायला उभे राहते.

तिसरी गोष्ट सर्वांत लाजिरवाणी आहे. २०११ साली हे गेले. त्यानंतर ट्रंकेत माझी जुनी पत्रे सापडली. ह्यांनी एकूण एक जपून ठेवली होती. २०१३ साली आपल्या शाळेत एक सर्पमित्र आले आणि त्यांनी चित्रे दाखवून साप ओळखायला शिकवले. त्या रात्री मी पत्रे काढून बसले. तेरा वर्षांत मी चौदा साप मारल्याचे लिहिले होते. "पिवळसर, साडेचार हात लांब, फणा नाही" अशा सहा धामणी. "तपकिरी, पांढरे पट्टे अगदी मानेपासून, शेपटीकडे पुसट" असे तीन कवडे साप, ज्यांना मी मण्यार समजले होते. मण्यारीचे पट्टे मानेपासून काही अंतर सोडून सुरू होतात, बहुधा जोडीजोडीने असतात आणि शेपटीकडे अधिक स्पष्ट दिसतात. दोन नानेट्या. एक कोणता ते वर्णनावरून कळेना. खरे विषारी दोनच: एक फुरसे आणि एक नागाचे पिल्लू. म्हणजे निदान अकरा निरुपद्रवी जीव मी शौर्य म्हणून मारले. धामण तर उंदीर खाणारी, शेतकऱ्याची मैत्रीण. धामणी मारल्या, तसे आमच्या कणगीत उंदीर वाढले. आणि उंदरांच्या वासावर नाग परसात आला नसेल असे मला आता म्हणवत नाही.

चौथी गोष्ट कायद्याची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात साप येतात. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्रामाणिकपणे जनावर मारले गेले तर कायदा तो गुन्हा मानत नाही. पण परसातून निघून चाललेल्या सापावर नेम धरणे म्हणजे जीव वाचवणे नव्हे. शिवाय २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे साडेचार मिलिमीटरहून मोठ्या नळीच्या किंवा २० ज्यूलपेक्षा अधिक जोराच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागतो. मंडळाच्या नावावर असली वस्तू ठेवायची, ती दहा घरी फिरवायची आणि एखाद्या मुलाच्या डोळ्याला इजा झाली तर उत्तर कोणी द्यायचे?

आता कोणी विचारील, "बाई, बंदूक नको तर काय हात जोडून बसायचे?" मुळीच नाही. सर्पदंश ही थट्टेची गोष्ट नव्हे. आपल्या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, असा अभ्यासकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुतेक खेड्यांतील, आणि सुमारे निम्मे जून ते सप्टेंबर या महिन्यांतील. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले, आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्यासाठी भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय योजना जाहीर केली. सरकारने करायचे ते सरकार करील. परसदार मात्र आपले आहे.

विषारी सापांतील मुख्य चार आपण ओळखले पाहिजेत: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. चौघांच्या सवयी निराळ्या, म्हणून काळजीही निराळी.

मण्यार, आपल्याकडे जिला कांडर म्हणतात, ती रात्री फिरते आणि जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, आणि घरचे म्हणतात अपचन झाले. पावसाळ्यात जमिनीवर निजू नका. खाटेवर निजा, आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली चारी बाजूंनी खोचा. जमिनीवर निजणे भागच असेल तर मच्छरदाणी चटईखाली खोचा. डासही जातील आणि कांडरही.

फुरसे हातभरही लांब नसते. कातळावर, गडग्याच्या दगडांत आणि गवतात असते. चिडले की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करते. गवत कापताना, दगड उचलताना आधी काठीने हलवा, मग हात घाला. घोणस जाड, अंगावर साखळीसारख्या डागांच्या तीन ओळी, आणि फूत्कार कुकरच्या शिट्टीसारखा. ती पालापाचोळ्यात बेमालूम दिसते. काजूच्या बागेत बिया वेचताना पाचोळा काठीने बाजूला करा. या दोघांच्या विषाने रक्त गोठण्याची शक्ती जाते. घोणशीच्या विषाने मूत्रपिंडेही निकामी होतात.

नाग येतो तो उंदरांसाठी. धान्य झाकणाच्या पिंपात ठेवा. कोंबड्यांचे खुराडे रात्री घट्ट लावा. खरकटे दाराशी टाकू नका. लाकडांची रास भिंतीपासून दूर आणि जमिनीपासून हातभर उंच मांडणीवर रचा, म्हणजे खालून आरपार दिसते. हे मी १९९४ नंतर केले. आधी केले असते तर वयनींचे बोट त्यांच्या हाताला राहिले असते. न्हाणीच्या मोरीला जाळी बसवा. जोत्यातील भेगा सिमेंटने लिंपा. दाराखाली बोट जाईल एवढी फट असेल तर पट्टी ठोका. छपराला टेकणाऱ्या फांद्या छाटा. रात्री अंगणात पाऊल टाकताना हातात विजेरी आणि पायात चप्पल नव्हे, बूट. बाजारात मिळणाऱ्या पुड्या, लसूण, डांबराच्या गोळ्या आणि फिनेल यांवर भरवसा ठेवू नका. दाराखालची एक पट्टी त्या सगळ्यांहून अधिक काम करते.

इतके करूनही साप घरात आला तर मुलांना आणि कुत्र्याला बाहेर काढा. सापाला कोंडीत पकडू नका. खोलीचे दार लावून फटीत गोणपाट कोंबा, किंवा बाहेरचे दार उघडे ठेवून लांबून नजर ठेवा. वाट मिळाली तर तो बहुधा आपण होऊन जातो. मग ओळखीच्या सर्पमित्राला किंवा वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. साप दिसेनासा झाला तर "गेला" असे म्हणू नका. "कोठे गेला ते ठाऊक नाही" असे घरात सर्वांना सांगा.

दंश झालाच तर पुढील गोष्टी पाठ करा. त्या माणसाला धीर द्या. सगळेच दंश विष सोडणारे नसतात. चालवू नका, पळवू नका. दंश झालेला हात-पाय मोडलेल्या हाडासारखा फळीला सैल बांधून स्थिर ठेवा. दोरी आवळू नका, चिरू नका, चोखू नका, बर्फ लावू नका. अंगठ्या, पैंजण, जोडवी आणि बांगड्या तत्काळ काढा. भगिनींनो, बांगडी फोडल्याने सौभाग्य जात नाही. न फोडल्याने हात जाऊ शकतो. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने सरळ लस असलेल्या दवाखान्यात जा. मांत्रिकाकडे जाऊन बरी झालेली माणसे म्हणजे ज्यांच्या अंगात विष गेलेच नव्हते अशी. आणि लहान मुलाला मोठ्यांएवढीच लस देतात, म्हणून घाबरून डॉक्टरांशी वाद घालू नका. साप मूल लहान म्हणून विष कमी सोडत नाही. साप मारून दवाखान्यात नेण्याचीही गरज नाही. आपल्या देशातील लस या चारही सापांवर एकच असते.

ती लस कशी होते हे ऐकून मला आश्चर्य वाटले होते. जिवंत सापांचे विष काढतात, ते अगदी थोडे थोडे घोड्यांना टोचतात, आणि घोड्याच्या रक्तात जे प्रतिविष तयार होते ते शुद्ध करून कुपीत भरतात. मुंबईस परळला हाफकिन संस्थेत हे काम अनेक दशके झाले. तमिळनाडूतील इरुळा आदिवासींनी तर १९७८ साली सहकारी संस्था काढली. ते साप पकडतात, विष काढतात आणि साप पुन्हा रानात सोडतात. म्हणजे वयनींचा प्राण ज्या औषधाने वाचला ते नागांच्याच विषातून आले होते. आपण नागपंचमीला चिरत नाही, तळत नाही, जमीन खणत नाही. आपल्या आज्यांनी हा एक दिवस त्यांच्यासाठी राखला. बाकीचे दिवस आपण थोडी अक्कल राखली तरी पुरे.

शेवटी माझी उपसूचना मांडते. बंदुकीसाठी जी रक्कम काढण्याचे ठरत आहे तिच्यातून ज्या घरी पुरुषमाणूस नाही, त्या घरांना एकेक विजेरी आणि मोठी मच्छरदाणी द्यावी. उरतील त्या पैशांत गवत कापणाऱ्या बायकांसाठी रबरी बूट घ्यावेत. आणि आपल्या जवळच्या कोणत्या दवाखान्यात लस आहे, रात्री वाहन कोणाचे मिळेल, सर्पमित्र कोण, हे मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येक घराच्या चुलीजवळ लावावे. मृगाआधी दर वर्षी मंडळाच्या दोघीजणींनी दवाखान्यात जाऊन लस शिल्लक आहे ना, हे विचारून यावे. हे शेवटचे काम मी पत्करते. माझी बंदूक मी स्प्रिंग काढून माळ्यावर टाकली आहे.

माझ्या अंबाड्यात ही अबोलीची वेणी आहे ना, ती आज सकाळी वयनींनी केली आहे. तर्जनी नसली तरी त्यांची गाठ माझ्याहून घट्ट बसते. वेणी माळताना त्यांनी मला विचारले, "भिलंस मां गो?" या खेपेस मी खरे सांगितले. म्हटले, "होय, भिलंय."

 उपसूचनेवर विचार व्हावा, एवढी विनंती करून आपली रजा घेते.